साहेबांच्या हौदाचं कव्हर

"टेप आत ठेव, शैला," नलवडे साहेब म्हणाले. "माप मी घेऊन ठेवलंय."

पिशवीतून काढलेला टेप माझ्या हातातच राहिला. साहेबांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. पेन्सिलीनं काढलेला नकाशा होता, रेघा पट्टीनं मारल्यासारख्या सरळ. लांबी सात फूट, रुंदी सहा फूट तीन इंच, कोपऱ्याची गोलाई, कडेची जाडी, सगळं नोंदलेलं. खाली 'तपासले, बरोबर' असा शेरा, सही आणि तारीख. नकाशा कागदाच्या उजव्या अर्ध्यात होता आणि डावी बाजू कोरी होती. मला वाटलं, माझ्या खुणांसाठी जागा सोडली असेल.

"साहेब, एकदा मी पण बघते की. सवय आहे हाताला."

"का? माझ्यावर भरवसा नाही?"

 या गोष्टीला तेरा वर्षं झाली, पण त्या वेळी टेप पिशवीत परत टाकताना झालेली चुळबूळ मला आजही आठवते.

कराडात आमचं हूड आणि कुशनचं दुकान. जीपचे हूड, ट्रॅक्टरची छतं, ट्रकच्या ताडपत्र्या, सायकलच्या सीटपासून मंगल कार्यालयाच्या गाद्यांपर्यंत जे शिवता येईल ते आम्ही शिवतो. अण्णा, म्हणजे माझे वडील दत्तू पोरे, गेल्यापासून मशीनवर मी बसते. अण्णांनी मला कात्री दिली त्या दिवशी एकच नियम सांगितला होता: गिऱ्हाइकाच्या मापावर कात्री लावायची नाही. गिऱ्हाईक कितीही शहाणं असो, आपण जायचं, आपल्या हातानं मापायचं, मग कापायचं. वीस वर्षं मी तो पाळला होता.

पण नलवडे साहेब म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. हिंदुराव नलवडे पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. मी शाळेत असताना खात्याच्या सिमेंटसाठी अण्णांनी तीस ताडपत्र्या शिवून दिल्या होत्या. साहेबांनी त्या गोदामाच्या अंगणात पसरायला लावल्या, स्वतः उकिडवे बसून एकेक मापली आणि तीसच्या तीस परत पाठवल्या. कडेची दुमड धरून प्रत्येक दोन इंच कमी भरत होती. अण्णांनी दुपारभर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. संध्याकाळी स्वतः टेप लावला आणि गप्प झाले. पुढं आयुष्यभर आमच्या घरात कुणी मापावरून वाद घातला की अण्णा म्हणायचे, "मग नलवडे साहेबाला बोलवू?" की वाद तिथंच मिटायचा.

तर असा माणूस. त्याच्या आठ महिने आधी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. बोलणं शाबूत राहिलं, स्मरणशक्ती तर आमच्यापेक्षा बरी. पाय जरा ओढत चालायचे, डाव्या हातात जोर नव्हता. डॉक्टरांनी कोमट पाण्यात व्यायाम सांगितला, म्हणून मस्कतला असलेल्या सत्यजितनं, त्यांच्या मुलानं, हा फायबरचा टब मुंबईहून मागवून घराच्या मागच्या पडवीत बसवून दिला होता. पाणी आपोआप गरम होतं, आतून फवारे सुटतात, चारजण मांडी घालून बसतील एवढी जागा. नात ईरा त्याला हॉट टब म्हणायची, साहेब हौद म्हणायचे आणि गल्लीत त्याचं नाव नलवड्यांची कढई असं पडलं होतं. सुरुवातीचे पंधरा दिवस लोक काहीतरी निमित्त काढून बघायला येत.

टबाबरोबर आलेलं कव्हर वानरांनी फाडलं. आतला फोम त्यांनी आंब्यावर नेला आणि तिथं बसून त्याचे तुकडे खाली सोडले. उरलेलं वृषालीनं, साहेबांच्या सुनेनं, भंगारवाल्याला देऊन टाकलं. ते ठेवलं असतं तर मला त्यावरून नमुना काढता आला असता, पण हे सगळं नंतरचं शहाणपण.

"नेटवर मिळतात की तयार," वृषाली चहा ठेवत म्हणाली. "मी बघितली होती, शैलाताई. सात बाय सात, आठ बाय आठ."

"तयार टोपी कुणाच्याच डोक्याला नीट बसत नाही," साहेब म्हणाले. "एक तर कानावर येते, नाहीतर वाऱ्यानं उडते. शैला, तू सांग. काय काय करता येईल?"

मी सांगितलं. निळी ताडपत्री घातली तर काम झटपट होईल, पण तिच्यात झोळ पडणार, झोळात पाणी साचणार आणि उष्णता तर ती राखणारच नाही. जीपच्या हूडाचं कॅनव्हास दणकट, पण भिजलं की दोन माणसांना उचलणार नाही. माझ्या मते आत तीन इंची कडक फोम, त्याला आधी जाड प्लॅस्टिकचं आवरण, म्हणजे वाफ फोमात शिरणार नाही, आणि वरून चांगलं रेक्झिन. मधोमध बिजागरीसारखी शिवण, म्हणजे अर्धं उघडून अर्ध्यावर दुमडता येईल. मध्ये थोडा उंचवटा, म्हणजे पाणी निथळून जाईल. चारी बाजूंना पट्टे आणि बकल.

"बकल घट्ट पाहिजेत हं," वृषाली म्हणाली. "ईराचा भरवसा नाही. परवा वाकून बोटी सोडत होती पाण्यात. मला तर धडकीच भरली."

"आणि कडेला फट नको," साहेब म्हणाले. "फट राहिली की वाफ जाते, वाफ गेली की वीज जाते आणि पोरीचा हात पण आत जातो. कव्हर असं बसलं पाहिजे की बोट शिरता कामा नये. तसं ते बसणार. का सांग?"

"का?"

"कारण माप माझं आहे." त्यांनी वृषालीकडं बघितलं. "आणि ते बसलं की सोमवारपासून ईराला शाळेत मी सोडणार. गाडीतनं. ठरलंय आमचं."

वृषालीचा चेहरा पडला. ती मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा सगळं बोलली. डॉक्टरांनी गाडी चालवायला इतक्यात परवानगी दिली नव्हती. साहेबांचं म्हणणं, डॉक्टर तपासतात हात-पाय, डोकं कुठं तपासतात? डोकं शाबूत आहे की नाही ते मापावरनं कळतं. कव्हराचं माप मी घेतो, एका सुताचा फरक आला तर किल्ली तुझ्याकडं, बरोबर आलं तर माझ्याकडं.

"आणि तू हो म्हणालीस?"

"काय करू? रोज तोच विषय. जेवतानासुद्धा. त्यांचा मुलगा फोनवर म्हणतो, तू सांभाळून घे. मी शिकवते ती शाळा सकाळची, ईराची शाळा नदीपलीकडं, तिला स्कूटीवरनं सोडून मी रोज उशिरा पोचते. म्हातारा माणूस मदतच करतो म्हणतोय. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात तसं झालंय. आणि तब्येत म्हणाल तर सुधारलीय. फक्त जेवणाचं कळत नाही बघा. भाजी, आमटी सगळं खातात आणि चटणी-कोशिंबिरीला हात लावत नाहीत. मीठसुद्धा तसंच. आधी लसणाच्या चटणीशिवाय भाकरी तुटायची नाही."

"तोंडाची चव गेली असेल."

"मला पण तसंच वाटतं."

दुकानात येऊन मी कागद टेबलावर पसरला. मला काहीतरी खटकत होतं. टब जाताना-येताना बघितला होता, तेव्हा डोळ्याला तो चौरस वाटला होता. कागदावर मात्र तो लांबट होता. मी दोनदा उठले, चप्पल घातली, टेप घेतला आणि परत बसले. जाऊन मापलं असतं तर साहेबांनी काय म्हटलं असतं? दत्तू पोऱ्याची पोरगी मला तपासायला आली. शिवाय असला टब मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलेला. कोपऱ्यात ठेवलेली वस्तू डोळ्याला फसवते हे मीच गिऱ्हाइकांना सांगत असते. शेवटी मी स्वतःलाच म्हटलं, नलवडे साहेबाला बोलवू? आणि कात्री लावली.

काम मात्र मी जीव ओतून केलं. राखाडी रंगाचं रेक्झिन, दुहेरी शिवण, कोपऱ्यांना आतून पट्टी. पाच दिवस लागले. रविवारी सकाळी टेम्पोतून ते नेलं. साहेब पडवीत खुर्ची टाकून वाटच बघत होते. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. ईरा मामाकडं गेली होती. वृषालीनं पाणी गरम करून ठेवलं होतं, कारण साहेबांचा हुकूम होता की परीक्षा वाफेवरच घ्यायची.

टब पडवीच्या कोपऱ्यात होता, मागं भिंत आणि डावीकडं भिंत. मी आणि वृषालीनं कव्हर दोन्ही टोकांनी उचललं आणि आधी उजवी कड बसवली. तिथं ते असं बसलं की माझं मलाच कौतुक वाटलं. कोपऱ्याची गोलाई गोलाईवर, सबंध कड कडेवर. पुढची कड बसली, मागची बसली. मग आम्ही डावी बाजू खाली सोडली आणि ती कडेवर आलीच नाही.

वीतभर कमी. कडेची रुंदी सोडून आत चार बोटं पाणी उघडं दिसत होतं आणि तेवढ्या फटीतून वाफ सरळ भिंतीला लागून पत्र्याकडं चालली होती.

वृषालीनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता आणि तो बरोबरच होता, कारण शिवणारी मी.  चूक कुणाचीही असो, आधी पदरात घ्यायची, कव्हर उचलायचं, दोन दिवसांत पट्टी जोडून आणायची, हे माझं ठरलेलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेब खुर्चीतून उठले. काठी टेकत उजव्या बाजूला आले आणि कव्हराच्या कडेवरून हात फिरवला.

"बघ. बोट जात नाही."

तिथून ते पुढच्या बाजूला आले. टबाच्या बरोबर समोर उभे राहिले आणि सगळं कव्हर नीट न्याहाळलं, एखादं पूर्ण झालेलं काम ताब्यात घेताना बघावं तसं.

"बसलं," ते म्हणाले. "झकास बसलं. पोऱ्यांच्या हातात अजून कसब आहे म्हणायचं."

मला वाटलं, टोमणा मारतायत. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा नव्हता. इतका समाधानी चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. फट त्यांच्यापासून चार हातांवर होती, चष्मा डोळ्यावर होता, पडवीत लख्ख ऊन होतं आणि वाफ त्यांच्या समोरून वर चालली होती. त्यांना ती दिसत नव्हती. डोळे अधू नव्हते, उजवीकडच्या शिवणीतला एक सुटा दोरा त्यांनी आल्या आल्या मला दाखवला होता. त्यांच्या लेखी डावीकडं काही नव्हतंच.

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. कागदाची कोरी डावी बाजू. ताटात चटणी, कोशिंबीर, मीठ, लिंबू आपण वाढतो कुठं, तर डावीकडं. वृषालीनंही तेच ओळखलं असावं, कारण तिचा हात तोंडावर गेला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"सारखं सारखं मापलं मी," साहेब सांगत होते. "तीन वेळा. उजव्या कडेला टेप अडकवायचा आणि चालत जायचं. तिन्ही वेळा तेच उत्तर. वृषालीला हात लावू दिला नाही. वृषाली, किल्ली कुठं ठेवलीयस?"

वृषाली माझ्याकडं बघत होती आणि आता त्या बघण्यात राग नव्हता, पुढं काय करायचं ते मीच सांगावं असं ती विनवत होती.

खरं सांगते, गप्प बसणं मला सोपं होतं. घरातल्या भानगडीत कव्हरवालीनं का पडावं? 'होय साहेब' म्हणायचं, दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून यायचं, डावीकडं पट्टी जोडून द्यायची. त्यांना कळलंसुद्धा नसतं. त्यांचा मान राहिला असता, माझाही राहिला असता. आणि माझं सगळं लहानपण ज्या माणसाच्या अचूकपणाच्या गोष्टी ऐकण्यात गेलं, त्याला त्याचं माप चुकलं असं मी तोंडावर सांगायचं? माझी जीभ रेटेना. पण सोमवार उद्यावर आला होता. पुलावरनं डावीकडून सायकली येतात, माणसं चालतात, पोरं पळतात. आणि गाडीत ईरा बसणार होती.

"साहेब," मी म्हणाले, "नाही बसलं."

"काय?"

"कव्हर बसलेलं नाही."

"कुठं बसलेलं नाही?"

"डावीकडं."

त्यांनी मान वळवल्यासारखी केली, पण नजर मध्यापर्यंत जाऊन परत आली. "डावीकडं पण बसलंय की. काय बोलतेस तू?"

"हात द्या इकडं."

साहेबांचा हात धरायची माझी काय प्राज्ञा, पण मी धरला. उजवा हात. तो उजव्या कोपऱ्यावर ठेवला आणि पुढच्या कडेवरून हळूहळू डावीकडं न्यायला लागले. काठी वृषालीनं घेतली आणि दुसऱ्या बाजूनं त्यांना आधार दिला. एकेक पाऊल ते सरकत होते. बोटं रेक्झिनवरून चालली होती, मधली शिवण आली, ती ओलांडली. "बसलंय, बसलंय," ते म्हणत होते. मग रेक्झिन संपलं, त्यांचा हात खाली गेला आणि मनगटापर्यंत गरम पाण्यात बुडाला.

त्यांनी हात काढला नाही. तसाच पाण्यात ठेवून ते उभे राहिले. सदऱ्याची बाही भिजत वर चालली.  खूप वेळानं त्यांनी बोटं पाण्यात हलवली, जणू पाणीच आहे ना याची खात्री करून घेत होते.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

"चार बोटं उघडं आहे. एकूण वीतभर कमी."

"कापताना तर नाही ना चुकलं?"

एवढी एक वाट त्यांनी मला दाखवली आणि मी ती घ्यायला निघालेच होते. "कात्री माझीच होती, साहेब," मी म्हणाले. "चुकली असेल."

"तुझ्या बापानं तुला खोटं बोलायला शिकवलेलं नाही," ते म्हणाले. "कागद आण."

कागद पिशवीत होता. खुर्चीत बसवल्यावर त्यांनी तो ओल्या हातानंच घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि आकडा वाचला. मग मला टेप लावायला सांगितला. उजवीकडचं टोक वृषालीनं धरलं आणि मी डाव्या भिंतीपर्यंत गेले.

"सात फूट," मी म्हणाले.

"बरोबर सात?"

"बरोबर सात."

"म्हणजे हौद चौरस आहे." त्यांनी पेन्सिल मागितली. सहा फूट तीन इंचावर आडवी रेघ ओढली, शेजारी सात लिहिलं. 'तपासले, बरोबर' या शब्दांवरही रेघ ओढली आणि तिथं पुन्हा सही केली. खात्यात चुकलेलं माप खोडायचं झालं तर असंच खोडतात, खाडाखोड करत नाहीत, हे त्यांनीच एकदा अण्णांना सांगितलेलं. सही करताना त्यांचा हात अजिबात कापला नाही. माझेच डोळे भरून आले होते, म्हणून मी कव्हराची बकलं सोडवत बसले.

"आबा, राहू दे ते," वृषाली म्हणाली. "सत्यजितला मी फोन करते. डॉक्टरांना दाखवू. व्यायामानं सुधारत असेल."

"दाखवू," साहेब म्हणाले. "माझ्या ताटात चटणी वाढतेस का गं तू?"

वृषालीला रडू आवरेना. "रोज वाढते, आबा."

"आणि मी म्हणतोय, सून चटणी करायची विसरली. तोंडानं बोललो नाही एवढंच." त्यांनी कागद माझ्याकडं परत दिला. "शैला, पट्टी जोडू नकोस. जोड दिसतो. नवीन कर. आणि माप तुझं तू घे."

मी मापलं. लांबी, रुंदी, चारी कोपरे, कडेची जाडी. प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणायचा असं त्यांनी सांगितलं आणि प्रत्येक आकड्याला ते मान हलवत राहिले. मला अण्णांची आठवण येत होती आणि त्यांचा नियम मोडल्याची लाजही वाटत होती. काम संपवून मी कव्हर गुंडाळलं, टेम्पोवाल्याला फोन लावला. वृषाली चहा टाकायला आत निघाली तेव्हा साहेबांनी तिला थांबवलं.

"उद्यासाठी एक रिक्षा सांगून ठेव. ईराला मी सोडून येईन, मागं बसून. म्हणजे तुला शाळेत वेळेवर पोचता येईल."

"बरं, आबा."

"आणि तिला माझ्या उजव्या हाताला बसव," साहेब म्हणाले. "डावीकडं बसली तर मला ती दिसायची नाही."